ताईत गार पडू देऊ नका

त्या हंगामात पुण्याच्या एका संशोधन संस्थेत बिभीषण नागरगोजे या माणसाबद्दल फार बोललं जात होतं, आणि त्याला कोणी पाहिलेलं नव्हतं. पाहायची गरजही कुणाला वाटली नव्हती. त्याचा श्वास पडद्यावर दिसत होता, अंगातून जाणारी उष्णता दिसत होती. एवढं दिसल्यावर माणूस कशाला बघायचा, असं तिथल्या विद्वानांचं साधारण मत होतं.

बिभीषण बीडकडचा, पाटोदा तालुक्यातला ऊसतोड कामगार. सपाट रानातला ऊस तोडायला आता यंत्रं आली होती. नदीकाठची चिखलाची, चिंचोळी, वेडीवाकडी रानं मात्र यंत्रांना जमत नव्हती, ती माणसांकडेच राहिली होती. साखर परदेशी पाठवायची तर तोडणाऱ्याला झेपेल एवढंच काम दिलं, असा दाखला लागे. दाखल्यासाठी मोजमाप हवं, म्हणून संस्थेनं एक चकती तयार केली होती. रुपयाएवढी, काळी, दोऱ्यात ओवून गळ्यात घालायची. संस्थेनं तिला दिलेलं नाव कुणाच्या जिभेवर बसेना. उसाच्या फडातल्या बायामाणसांनी पहिल्याच दिवशी तिला ताईत म्हटलं, आणि महिन्याभरात संस्थेतले लोकही ताईतच म्हणू लागले.

ताईत दोन गोष्टी मोजी. छातीच्या कातडीतून किती उष्णता बाहेर जाते ही एक; आणि हनुवटीखालून जाणाऱ्या उच्छ्वासात प्राणवायू किती उरला, कर्बवायू किती आला, ही दुसरी. यात जादू काही नाही. माणूस म्हणजे एक चूल आहे. चुलीची धग आणि धूर नीट मोजला तर आत न डोकावता किती सरपण जळालं ते सांगता येतं, आणि कसलं जळालं तेही. भात-भाकरी जळत असेल तर जेवढा प्राणवायू खर्च होतो तेवढाच कर्बवायू बाहेर पडतो, दहाला दहा. चरबी जळत असेल तर दहाला सातच. या प्रमाणाला श्वसनगुणक म्हणतात. संस्थेत नुसतं ‘नऊ’, ‘आठ’, ‘सात’ म्हणून भागे. पोटभर जेवलेला माणूस नऊच्या आसपास असतो. बराच वेळ उपाशी राहिला की उतरत उतरत साताकडे येतो, कारण तेव्हा सरपण संपलेलं असतं आणि घराचे वासे काढून जाळणं चालू असतं.

आणखी एक गोष्ट. माणूस दिवसभर नुसता पडून राहिला तरी हृदय चालवायला, अंग ऊबदार ठेवायला त्याचा काही खर्च होतोच. तो मूळ खर्च. एखाद्या दिवशी धावपळ करून माणूस त्याच्या पाचपट खर्च करील, पण महिनोन्‌महिने म्हणाल तर अडीचपटीच्या वर कोणी जात नाही. कारण हातापायांत दम नसतो असं नव्हे, तर त्याहून जास्त अन्न आतड्यांना पचवता येत नाही. मिळकत ठरलेली म्हणून खर्च ठरलेला.

बिभीषणचा ताईत दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत जवळजवळ चौपट दाखवत होता. शिवाय त्याचा श्वसनगुणक दिवसातून कितीदा तरी नवावरून एकदम सातावर उडी मारी आणि परत नवावर जाई. असं कोणत्याही शरीरात होत नाही. संगणकानं पहिल्याच आठवड्यात त्याच्या नावापुढे शेरा मारला होता, ‘नोंद सदोष’.

विभागप्रमुख डॉ. मृणाल सबनीस यांनी तो शेरा काढून टाकला. ‘यंत्राला जे ठाऊक नाही त्याला ते सदोषच म्हणणार,’ असं त्या म्हणाल्या, आणि हे वाक्य विभागात बरंच गाजलं. त्यांनी या प्रकाराला ‘दुहेरी इंधन’ असं नाव दिलं. पिढ्यान्‌पिढ्या कष्टाला सरावलेलं शरीर मनात येईल तेव्हा अन्न जाळतं, मनात येईल तेव्हा चरबी, आणि म्हणून ते थकत नाही, असा त्यांचा सिद्धान्त होता. त्यावर त्यांचं दोन सभांत व्याख्यान झालं. नियामक मंडळानं खूश होऊन एक जागा मंजूर केली. या माणसाला तीन वर्षं संस्थेत आणून ठेवायचं, अभ्यास करायचा, त्याला पगार आणि राहायला दोन खोल्या द्यायच्या. अट एवढीच की त्यानं आधी संस्थेच्या काचखोलीत तीन दिवस राहून तेच आकडे दाखवावेत.

हा निरोप टोळीच्या कृष्णाकाठच्या तळावर पोचला तो लिंबाजी मुकादमामार्फत. संध्याकाळची वेळ होती. बिभीषण कोपीपुढे, म्हणजे आपल्या पाचटाच्या खोपटापुढे, कोयत्याला धार लावत होता आणि त्याची बायको सत्यभामा भांडी घाशीत होती.

“बिभीषणा, तुझं नशीब फळफळलं,” लिंबाजी म्हणाला. “तुझा ताईत लई भारी चाललाय म्हनं. पुण्याला बोलावलंय. पसंत पडलास तर तीन वर्साची जागा, पक्क्या दोन खोल्या, घरात नळ. बायको, पोरगी, समदी घिऊन जायचं.”

“घरात नळ?” सत्यभामा म्हणाली. घासायचा हात थांबला होता.

“घरात. आन्‌ संडास बी.”

अंकिता त्यांची एकुलती मुलगी, अकरा वर्षांची. दर हंगामात सहा महिने ती गावी आजीकडे राही आणि आईबापांना फोनवर दिसे. नळापेक्षा दोघांच्या मनात आधी तीच आली, पण लिंबाजीसमोर कोणी तसं बोललं नाही.

“पन एक ध्येनात ठेव,” लिंबाजीनं आवाज उतरवला. “ताईत तुझ्याच गळ्यात व्हता. फकस्त तुझ्या. दुसरं काय बोललास तर तुझी जागा जाईल आन्‌ माजं मुकादमपन.”

याचं कारण असं. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी ही एक धरतात. कोपी एक, नंबर एक, आणि कारखान्याच्या यादीत नाव एक, तेही नवऱ्याचं. ताईत वाटायला आले तेव्हा लिंबाजीनं जोडीला एक दिला. दोन द्यावेत असं त्याच्या स्वप्नातही आलं नाही, आणि मागायला हवा असं जोडप्यांच्याही मनात आलं नाही. वाटताना त्यानं सगळ्यांना एकच ताकीद दिली होती, “ताईत गार पडू देऊ नका.” कारण चकती अंगावेगळी झाली किंवा धारक नुसता बसून राहिला की कारखान्याच्या कचेरीतून लिंबाजीला फोन येई, आणि त्याला फोनची फार भीती.

बाकीच्या कोप्यांत नवऱ्यानं ताईत गळ्यात घातला आणि तो विसरला. नागरगोजे जोडपं मात्र सांगितलेलं काम नीट करणारं. त्यांनी सरळ अर्थ घेतला, जो कामाला त्याच्या गळ्यात ताईत. पहाटे सत्यभामा चूल पेटवी, पाणी आणी, भाकऱ्या थापी, तेव्हा तो तिच्या गळ्यात. बिभीषण जेवून फडात उतरला की त्याच्या. तो बांधावर तंबाखू मळायला बसला की पुन्हा तिच्या, कारण ती तेव्हा मोळ्या बांधत असे. दुपारी मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायच्या, तेव्हाही बहुतेक तिच्याच. रात्री तेवढा तो बिभीषणच्या गळ्यात झोपे. हंगामभरात ताईत एकदाही गार पडला नव्हता, याचा दोघांना थोडा अभिमानही होता. लिंबाजीला हे दिसत होतं, पण फोन येत नाही म्हणून त्यानं काणाडोळा केला होता.

“म्या एकटाच जाऊ?” लिंबाजी गेल्यावर बिभीषणनं विचारलं.

“मग काय वरात न्यायची व्हय? नाव तुमचं हाय.” सत्यभामा हसली. “नीट ऱ्हावा. इचारलं तेवढंच बोला. आन्‌ जेवा टायमाला.”

काचखोली खरोखर काचेची नव्हती. तिच्या तीन भिंती जाड होत्या आणि चौथीला एक मोठी खिडकी होती, तिच्यामुळे हे नाव पडलेलं. आत खाट, टेबल, दाराआड संडास, एका कोपऱ्यात चालण्याचं यंत्र आणि दुसऱ्या कोपऱ्यात उचलायला उसाच्या मोळ्या. भिंतींतून पाण्याच्या नळ्या खेळवलेल्या होत्या. आतल्या माणसाच्या अंगची उष्णता ते पाणी वाहून नेई आणि पाणी किती तापलं त्यावरून खर्च कळे. आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा मोजली जाई. जेवणाचं ताट दोन दारांच्या कोनाड्यातून आत जाई, जाताना आणि परत येताना त्याचं वजन होई. आतला माणूस कुशीवर वळला तरी बाहेर रेघ हलायची.

ही खोली सांभाळायला बोकील नावाचे तंत्रज्ञ होते. निवृत्तीला आलेले, आणि जिभेला हाड नसलेले. पहिल्या दिवसाचे आकडे बघून ते डॉक्टर सबनीसांना म्हणाले, “मॅडम, हा आपल्या कँटीनच्या आचाऱ्यापेक्षा वेगळा नाही. झोपला की घोरतो, जेवला की नऊ दाखवतो. साधा माणूस आहे हो.”

“उद्या काम करू दे त्याला,” डॉक्टर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बिभीषणनं काम केलं. मोळ्या उचलल्या, टाकल्या, परत उचलल्या. चालण्याच्या यंत्रावर चालला. कोणी सांगितलं नसताना जोरही काढले. खिडकीतून लोक बघतायत आणि त्यांच्या तोंडावर आनंद नाही, एवढं त्याला कळत होतं. दिवसाअखेर खर्च अडीचपटीला जरा कमीच भरला. गुणक नवावरून आठावर आला आणि तिथून हलेना.

संध्याकाळी बोकिलांनी आतल्या ध्वनिक्षेपकावरून गप्पा मारता मारता सांगितलं, “नागरगोजे, तुमचा आकडा सातावर यायला हवा हो. तो येईना म्हणून आमच्या मॅडम जेवल्या नाहीत.”

“सात कशानं येतंय?”

“उपाशी राहिलं की येतं. आजचं ताट न उष्टावता परत पाठवा, उद्या दुपारपर्यंत बघा कसा येतो ते!” बोकील आपल्याच विनोदावर हसले.

बिभीषण हसला नाही. रात्रीचं ताट त्यानं तसंच परत पाठवलं. बोकिलांची ड्यूटी तोवर संपली होती, आणि रात्रीच्या माणसानं वजन टिपून ठेवलं, त्यापलीकडे काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळची न्याहारीही त्यानं घेतली नाही. पोट दुखतंय म्हणाला. उपाशीपोटी मोळ्या उचलू लागला. दहा वाजेपर्यंत डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. दोन खोल्या आणि एक नळ यासाठी एवढं जमायलाच पाहिजे, असं त्यानं मनाला बजावलं आणि पुढची मोळी उचलली. दुपारी रेघ साताला टेकली.

डॉक्टर सबनीस जवळजवळ पळतच खिडकीशी आल्या. त्यांना ताटाचं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी बिभीषणला बसायला सांगितलं आणि आनंदाच्या भरात, कधी नव्हे ते, ज्याच्यावर प्रयोग चालला होता त्यालाच तो समजावून सांगितला. चूल, सरपण, वासे, सगळं. आतल्या पडद्यावर त्याच्याच ताइताची हंगामातली एक नोंद दाखवली. पहाटेपासून रात्रीपर्यंतची एका दिवसाची रेघ.

“हे बघा, इथं नऊ. इथं एकदम सात. परत नऊ. आत्ता तुमचं शरीर जे करतंय ते तुम्ही तिकडे रोज करत होता.”

बिभीषण पडद्याजवळ गेला. “ह्ये खाली काय टाइम हाय?”

“हो. ही पहाट.”

“पहाटं सात.” त्यानं रेघेवर बोट ठेवलं. “मंग नऊ, म्या जेवून फडात गेल्यावं. ह्ये परत सात... ह्यो माजा तंबाखूचा टाइम.” बोट सरकत सरकत दुपारवर आलं. “गाडी भरायची. सात.” मग त्यानं विचारलं, “बाई, आत्ता माज्या पोटात जसं व्हायलंय, तसं त्या टायमाला व्हत आसंल?”

“कसं होतंय तुम्हाला?”

“काल दुपारपासून जेवलो न्हाई म्या. तुमचं सात यावं म्हनून.”

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचा आनंद गेला, पण अजून त्यांना उलगडा झालेला नव्हता. बिभीषणला झाला होता. जागा हातातून चालली आहे हे त्याला दिसत होतं, लिंबाजीची ताकीदही आठवत होती. गप्प राहिला असता तर सात मिळालं होतं आणि खोल्याही मिळाल्या असत्या.

“ह्ये सात माजं न्हाई,” तो म्हणाला. “ते तिचं हाय. माज्या बायकूचं. ताईत दोघांत एकच व्हता, बाई. जो कामाला त्याच्या गळ्यात. रोज इचारायचो म्या तिला, जेवलीस का. रोज म्हनायची, जेवले.” आणि त्याला एकाएकी रडू आलं. खोलीतली उष्णतेची रेघ जराशी वर गेली आणि बोकिलांनी पडद्याकडे पाठ केली.

डॉक्टर सबनीसांची दोन सभांतली व्याख्यानं, सिद्धान्ताचं नाव, सगळं एका ताइताची दोन माणसं झाल्यावर संपलं. त्यांना लाज वाटली ती मात्र वेगळ्याच गोष्टीची. नऊ आणि सात हे आकडे त्यांनी तीन महिने पाहिले होते आणि त्यावर दहा प्रकारचे तर्क लढवले होते. एक जेवलेलं आहे आणि एक उपाशी, हा तर्क त्यांत नव्हता.

तरी त्या शास्त्रज्ञ होत्या. प्रत्येकाच्या कातडीची उष्णता सोडण्याची एक ढब असते. तिच्यावरून त्यांनी हंगामाची नोंद फाडून तिच्या दोन नोंदी केल्या. बिभीषणचा खर्च अडीचपटीच्या आत बसला. सत्यभामाचा बसला नाही. तो वरच राहिला होता, महिनोन्‌महिने, आणि तेही अर्ध्यामुर्ध्या जेवणावर. यात चमत्कार काही नव्हता. तिचं शरीर हंगामभर स्वतःलाच जाळत होतं आणि पावसाळ्यात गावी परत जेमतेम भरून येत होतं. दर वर्षी जरा कमी भरत असणार. डॉक्टरांनी मंडळाला कळवलं की माणूस निवडण्यात चूक झाली, जागा त्याच्या पत्नीसाठी ठेवावी, अभ्यास करण्यासारखं तिच्यात आहे. मंडळानं नाखुशीनं होकार दिला. अट तीच, काचखोलीत तीन दिवस. मात्र तिनं वेळेवर पोटभर जेवलंच पाहिजे, कारण जेवलेलं शरीर कसं चालतं ते कळल्याशिवाय उपाशी शरीराचा हिशेब लागत नाही. पहिल्याच दिवशी जेवण चुकलं तर चाचणी रद्द, आणि या वर्षी दुसरी नाही.

सत्यभामा एसटीनं आली. नवराबायकोची भेट व्हरांड्यात झाली, आणि बिभीषणनं पाणीही न विचारता सुरुवात केली.

“उपाशी ऱ्हायचीस तू?”

“कुनी सांगितलं?”

“मशिनीनं.”

“मशिनीला काय कळतंय! उरलेलं खायचे की म्या, गाडी भरल्यावं.”

“कामून? पीठ व्हतं, तेल व्हतं, म्या काय कमी पडू दिलं? लोकांनी म्हनायचं, ह्यानं बायकू उपाशी मारली. माज्या तोंडाला काळं फासलंस.”

“लोकांला मशीन दावू नका, म्हंजी झालं.” मग तीही चिडली. “पहाटं तुमचं आवरायचं का माजं गिळत बसायचं? आन्‌ पोटभर खाऊन फडात जायचं, मंग बसायचं कुटं? तुमी गडीमानसं कुटं बी उठता-बसता. आमी अंधार पडूस्तवर दम धरायचा. भरल्या पोटी धरून बघा एक दिस.”

पंधरा वर्षांच्या संसारात ही गोष्ट बिभीषणला कोणी सांगितली नव्हती आणि त्यानंही विचारली नव्हती.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास सत्यभामा काचखोलीत गेली. आत गेल्या गेल्या तिनं संडासचं दार उघडून पाहिलं, लावलं, कडी घातली, काढली, परत घातली. आता दोघांना वेगवेगळे ताईत दिलेले होते. उशिरा का होईना, माणसं दोन आहेत हे संस्थेला पटलं होतं. बिभीषणला आदल्या रात्रीपासूनच खिडकीखालच्या बाकावर बसायची परवानगी होती. कँटीनमधून त्याचा डबा तिथंच येई.

पहिल्या दिवशी बारा वाजता कोनाड्यातून ताट आत गेलं. भाकरी, वांग्याची भाजी, वरणभात. सत्यभामानं ते टेबलावर ठेवलं, त्यावर दुसरी ताटली झाकली आणि खाली भिंतीला टेकून बसली.

“जेवा ना,” डॉक्टर ध्वनिक्षेपकावरून म्हणाल्या.

“जेवते की. बसा तुमी.”

अर्धा तास गेला. तिची रेघ सातावर होती. एक वाजायच्या आत जेवण झालं नाही तर चाचणी रद्द होणार होती, आणि हे तिला आधीच समजावलेलं होतं. डॉक्टरांनी तेच पुन्हा सांगितलं. तिनं मान डोलावली, ताटाजवळ जाऊन बसली, झाकण काढलं, भाकरीला हात लावला आणि हात मागे घेतला.

“भूक नाही का?”

“भूक हाय, बाई,” ती म्हणाली. तिला स्वतःचाच राग आलेला दिसत होता. “घास उचलंना. येडं वाटतंय मला बी. पोरीसाठी तर आलेय म्या हितं.”

बोकील घड्याळाकडे बघत होते. बिभीषण बाकावरून उठला आणि खिडकीशी गेला. डॉक्टरांनी ध्वनिक्षेपक त्याच्याकडे सरकवला, पण त्यानं आधी नुसतं काचेतून पाहिलं. ती भांडणानंतर त्याच्याशी बोलली नव्हती.

“आवो,” तिनंच आतून विचारलं, “तुमी जेवलाव का?”

“जेवलो की.”

“कवा?”

“मघाशीच. डबा आलता.”

“काय व्हतं?”

“ह्येच. भाकर, वांगं, वरन.” तो थांबला. “वरनात मीठ न्हवतं. ह्या लोकांला मीठ घालाया कळत न्हाई.”

मीठ कमी असल्याची तक्रार ऐकल्यावर तिला खरं वाटलं असावं. “मागून घ्यायचं की,” असं म्हणत तिनं ताट पुढे ओढलं, भाकरी मोडली आणि पहिला घास घेतला.

बोकिलांनी सुटकेचा श्वास सोडला आणि ते आकडे टिपायला पडद्याकडे वळले. पडद्यावर दोन रेघा होत्या. वरची तिची, आता हळूहळू चढू लागेल अशी. खालची बिभीषणच्या गळ्यातल्या ताइताची. ती साताला टेकलेली होती. बोकिलांनी बाकाखाली वाकून पाहिलं. कालच्या रात्रीचा, आज सकाळचा आणि आत्ताचा असे तीन डबे तिथं होते, तिन्हीची झाकणं घट्ट लावलेली.

“मॅडम, हा माणूस तर...”

डॉक्टर सबनीसांनी ध्वनिक्षेपकाचं बटण बंद केलं.

“ती जेवून होईपर्यंत काही बोलू नका, बोकील,” त्या हळू आवाजात म्हणाल्या.

आत सत्यभामानं दुसरी भाकरी घेतली होती. बिभीषण काचेला हात टेकून तिला जेवताना बघत होता.